सासूच्या जिभेवर पाणी सोडा

शप्पथ घेऊन, गळ्याला चिमटा काढून, अगदी ओरडून सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे. एक अक्षर जरी खोटं निघालं तर माझी कवळी पुढच्या घोटाला चहात पडो आणि तिथेच विरघळो. बसा आता नीट. मधेमधे "छे, काहीतरीच!" म्हणायचं नाही.

तर एका बस स्टँडवर एक बाई होती. गाड्या सुटण्याच्या घोषणा करायची. तिचं खरं नाव पगाराच्या कागदावर असेल तेवढंच, बाकी सगळे तिला भोंगाबाई म्हणायचे. आवाज असा, की माइक बंद पडला तरी कुणाच्या लक्षात यायचं नाही. एकदा तिने "फलाट चारवरची गाडी मागे घ्या" असं सांगितलं, तर ती गाडी मागे गेलीच, पण बाहेरच्या रस्त्यावरून चाललेला दूधवाला सायकलसकट मागे गेला आणि मुलगी बघायला निघालेली एक मंडळी अर्ध्या वाटेतून घरी परतली. मुलगी सुटली म्हणायची.

भोंगाबाईची केबिन म्हणजे कपाटच, फक्त आत खुर्ची. खिडकी नाही, वारा नाही, डोक्यावर एक नळीचा दिवा, तोही डोळे मिचकावणारा. आपल्यासोबत काहीतरी जिवंत असावं म्हणून तिने आधी गुलाब आणला. तो रुसला. मग शेवंती आणली. तिने तर दुसऱ्याच दिवशी माना टाकल्या. शेवटी नर्सरीवाला म्हणाला, "बाई, तुम्ही ही न्या. सासूची जीभ. इंग्रजीत स्नेक प्लांट म्हणा, पण गुण सासूचेच. हिला ऊन नको, पाणी नको, कौतुक तर मुळीच नको. कोपऱ्यात ठेवा, ताठ उभी राहील."

घरी नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "चला, जोडी लागली."

हा नवरा ट्रॅफिक हवालदार होता. उभं आयुष्य चौकात हात हलवण्यात गेलेलं. रिटायर झाला तरी जेवताना डावा हात आडवा धरायचा आणि उजव्याने घास पुढे घ्यायचा.

तर ते झाड. तलवारीसारखी उभी पानं, त्यांवर नागमोडी पट्टे आणि कडेला पिवळाधमक काठ. भोंगाबाईने त्याची एकच मशागत केली, ती म्हणजे विसरायचं. फारच आठवण आली तर बोट मातीत दुसऱ्या पेरापर्यंत खुपसायचं, ओल लागली तर पुन्हा विसरायचं. एवढ्या दुर्लक्षावर ते असं पोसलं, की पानं केबिनच्या छताला टेकली आणि पिल्लांनी कुंडी आतून फोडली. रात्रपाळीच्या वॉचमनने तो आवाज ऐकून पोलिसांना फोन केला होता. मग टबात हलवलेल्या त्या थोरल्या झाडाला ती थोरलीच म्हणायची. पिल्लं वेगळी करून तिने कंडक्टरांना वाटली, उरलेली घरी नेली. घरातल्या एकूण एक खिडकीत सासूच्या जिभा उभ्या.

आणि त्या घरात सून आली.

सून लाखात एक, पण नर्स. तीसुद्धा नवजात बाळांच्या वॉर्डात. तळहाताएवढ्या जिवांना दर दोन तासांनी घड्याळ लावून पाजायचं, हे तिचं काम, आणि कामाची सवय घरी आल्यावर दारात चपलांबरोबर काढून ठेवता येत नाही. जीव दिसला की पाजायचा. तिने घरातल्या माशांना इतकं खाऊ घातलं होतं की ते पोहायचं सोडून तळाशी बसून असायचे, जेवणानंतर माणसं बसतात तसे. तिचा नवरा, म्हणजे भोंगाबाईचा मुलगा, जहाजावर नोकरीला. सुट्टीवर आला की पट्टा दोन भोकं सैल करून परत जायचा.

कुंड्या मात्र तिच्या तावडीतून सुटलेल्या होत्या, कारण त्यांच्यावर भोंगाबाईच्या आवाजाचा पहारा होता. सुनेने स्वयंपाकघरात पेला उचलला, की मोरीतून गर्जना यायची, "ठेव तो!" पेला जागच्या जागी. कधीकधी शेजारणीचाही.

आणि एके दिवशी तो आवाजच गेला.

"प्रवाशांनी कृपया" इथपर्यंत ठीक होतं. पुढे जे निघालं ते बदकाचं होतं. फलाटावर कुणी हसलं, कुणी बदक शोधायला वाकलं. डॉक्टरांनी घशात नळी घालून पाहिलं आणि म्हणाले, "स्वरतंतूंवर गाठी आल्यात. काढून टाकतो, पण त्यानंतर दोन महिने एक शब्दही नाही. कुजबुज तर मुळीच नाही, ती ओरडण्यापेक्षा वाईट. मधे बोललात, तर हे बदकच कायमचं समजा."

ऑपरेशन झालं आणि डेपो मॅनेजर भेटायला आला. भला माणूस, पण वरून हुकूम आलेला. "बाई, तोवर आम्ही घोषणांचं मशीन बसवतोय. दोन महिन्यांनी तुम्ही येऊन माइकवर बोलून दाखवा. आवाज आला तर खुर्ची तुमची, नाही आला तर मशीनची." आणि टेम्पोतून थोरलीला उतरवून देऊन गेला. मशीनला जागा हवी होती.

भोंगाबाईला त्या खुर्चीवाचून दुसरं काही येत नव्हतं, आणि यावं अशी इच्छाही नव्हती. तिने मनाशी ठरवलं, आभाळ कोसळलं तरी तोंड उघडायचं नाही.

आभाळ नाही कोसळलं. सून आली. हॉलमध्ये उभ्या थोरलीकडे बघून तिचे डोळेच भरून आले. "अगं बाई, किती सुकलीयस! आई, तुम्ही कसलीही काळजी करू नका. आता मी घेते हिची काळजी."

सून पेला घेऊन निघाली तशी भोंगाबाईने दोन्ही तळवे पुढे करून थांब, थांब अशी खूण केली.

सुनेने विचारलं, "बाबा, आई काय म्हणतायत?"

"हातवाऱ्यांचं मला विचार," सासरे खुर्ची सावरून बसले. "ही बाजू थांबवली. म्हणजे काय? म्हणजे पलीकडच्या बाजूने सोड!"

सुनेने थोरलीला पलीकडच्या बाजूने पाणी घातलं.

भोंगाबाईने दोन हात छातीवर फुली मारल्यासारखे धरले.

"थंडी," सासरे म्हणाले.

"तुम्हाला का झाडाला?"

"तिला कधी थंडी वाजलीय? झाडाला."

थोरलीला शाल गुंडाळली गेली. लोक भोंगाबाईला बघायला यायचे आणि अंधारात शालीतल्या झाडाला नमस्कार करून "बऱ्या आहात ना?" विचारायचे. ती उत्तर देत नाही म्हटल्यावर "गुण येतोय हो" म्हणून समाधानाने परत जायचे. एक कंडक्टर तर अर्धा तास बसून सगळ्या तक्रारी सांगून गेला.

भोंगाबाई दिवसभर थोरलीपुढे खुर्ची टाकून बसू लागली. पण माणूस अंघोळीला तर जातोच. तेवढ्यात सून आपली फेरी उरकून घ्यायची. खिडकीतली सगळ्यात धाकटी कुंडी, बारकी, तिचा चार दिवसांत लगदा झाला. हात लावला तर पान मुळापासून सुटून हातात आलं, वास असा की माशांनीही तोंड फिरवलं. भोंगाबाईच्या मनात जे आलं ते बाहेर पडलं असतं तर खिडकीच्या काचा गेल्या असत्या. तिने ते गिळलं. पाणी लागत नाही असं झाड पाण्याने मारायचं, याला काय म्हणावं? आणि म्हणायचं तरी कशाने?

इथे राहिले तर आज ना उद्या तोंड उघडणार, हे तिला कळून चुकलं. तिने लांबच्या बहिणीकडे आठवडाभर जायचं ठरवलं. ही बहीण इतकी बडबडी, की तिच्यापुढे धडधाकट माणसालाही बोलायची संधी मिळत नसे. निघताना भोंगाबाईने पाटी घेतली आणि ठसठशीत अक्षरात लिहिलं, "बारकीवर पाणी सोडा. बाकीच्यांना हात लावू नका." पाटी टेबलावर ठेवली आणि निर्धास्त मनाने गेली.

आता तुम्ही आम्ही काय समजतो? गेलेल्या गोष्टीवर पाणी सोडायचं, म्हणजे तिचा नाद सोडायचा. जुन्या माणसांची बोलायची रीत. पण सुनेने पाटी वाचली आणि आनंदाने उडालीच.

"बाबा! बघा, आईंनी स्वतः लिहून दिलंय! पाणी सोडा म्हणून!"

सासऱ्यांनी चष्मा लावला. "स्पष्ट आहे. पण पुढे म्हणते, बाकीच्यांना हात लावू नका."

"मग बाकीच्या काय सावत्र आहेत?"

सासरे विचारात पडले. चौकात असे प्रसंग फार आलेले. कायदा मोडायचा नाही आणि वाहतूकही थांबू द्यायची नाही. "हात लावू नका म्हटलंय ना? मग हात नको. पाइप लावू."

आणि पाइप लावला. मोरीच्या नळापासून बारीक रबरी पाइप निघाला, तो सगळ्या खिडक्या फिरून हॉलमध्ये थोरलीपाशी आला. जिथे जिथे कुंडी तिथे तिथे पाइपला भोक. सासरे नळापाशी उभे राहून शिटी वाजवायचे आणि एकेक खिडकी सोडायचे. शेवटच्या भोकातलं पाणी थोरलीपर्यंत पोचेना, तेव्हा त्यांनी तीच पाटी तिरपी लावून घसरगुंडी केली. लगदा झालेल्या बारकीला तर खास मान, तिला थेंब थेंब पाणी रात्रंदिवस. हात म्हणाल तर खरोखर कुणी लावला नाही.

आठवड्याने भोंगाबाई दार उघडून आत आली आणि पाऊल टाकताच घोट्यापर्यंत बुडाली. मासे हॉलमध्ये पोहत होते, तेवढाच त्यांना व्यायाम. खिडकीतल्या जिभा ओल्या मोज्यांसारख्या लोंबत होत्या. आणि थोरली, जी त्या कपाटातल्या अंधारात वर्षानुवर्षं ताठ उभी होती, ती टबात एका बाजूला कलली होती, पिवळी पडलेली. तिच्यापुढे सून हातात पाण्याने भरलेला जग घेऊन उभी. जगात ग्लुकोज घातलेलं.

"आलात आई! अहो, हिला अशक्तपणा आलाय. पण घाबरू नका, आता ताकदीचं देते."

भोंगाबाईचं तोंड उघडलं. "ठेव तो" मधला ठ घशातून निघाला, टाळूला लागला, जिभेच्या शेंड्यावर येऊन बसला. बाहेर पडला असता तर झाड वाचलं असतं आणि खुर्ची गेली असती. खुर्ची राखावी तर झाड गेलं. खूण करावी तर तिचा अर्थ लावायला हे हवालदार शिटी घेऊन तयार. पाटी पाण्याखाली.

जग कलला. धार सुटणार.

भोंगाबाईने झडप घातली, जग हिसकावला, तोंडाला लावला आणि घटाघटा सगळा रिकामा केला. ठ पाण्याबरोबर पोटात गेला.

"अगं बाई, तहानलेल्या होत्या!" सून कळवळली. "थांबा, तुमचं झालं, आता हिच्यासाठी आणते."

दुसरा जग आला. भोंगाबाईने तोही हिसकावला आणि प्यायली. डोळ्यांतून पाणी आलं, ते बहुतेक तेच असावं.

"प्रवासाने लागते तहान," सासऱ्यांनी खुलासा केला. "उजवा हात पुढे, म्हणजे आणखी आण."

तिसरा जग आला. भोंगाबाईने तोही ओठाला लावला. पोटाचा नगारा झालेला, चालली तर आतून डुबुक डुबुक ऐकू येत होतं, पण तिने तळाचा थेंब शिल्लक ठेवला नाही. मग थोरलीच्या पुढे हात पसरून उभी राहिली, हवे तेवढे जग आण, मी आहे, अशी.

सून जागच्या जागी थांबली. नर्स होती ती. बोलता न येणाऱ्यांना काय हवं ते ओळखणं हे तिचं रोजचं काम. फक्त सासू त्यांच्यात मोडते हे तिच्या लक्षात आलं नव्हतं. तिने सासऱ्यांकडे न बघता पहिल्यांदाच सरळ सासूला विचारलं, "आई, तुम्ही झाडाच्या वाटणीचं पिताय का?"

भोंगाबाईची मान हलली.

"म्हणजे झाडाला नको?"

मान अशी हलली की कानातलं उडून माशांच्यात पडलं.

"थोडंसुद्धा?"

नाही. नाही. नाही.

"मी पहिल्यापासून तेच म्हणत होतो," सासरे म्हणाले.

सुनेने पाण्यातून पाटी काढली, पुसली. "मग 'पाणी सोडा' असं का लिहिलंत?"

भोंगाबाईने कपाळावर हात मारला. खडू ओढून घेतला आणि लिहिलं, "म्हणजे नाद सोडा!"

सुनेने ती अक्षरं बोट ठेवून दोनदा वाचली. "अहो आई," ती म्हणाली, "मग नादच लिहायचा होता ना. तुम्हाला पाण्यात शिरायला कुणी सांगितलं होतं?"

तो डाव सुनेचा धरावा लागेल.

पण एक सांगते, काय करायचं ते कळल्यावर सुनेचे हात बघावेत. कोपरापर्यंत हात धुतले, तोंडाला मास्क लावला आणि थोरलीला टबाबाहेर काढून वर्तमानपत्रावर आडवं झोपवलं. भोंगाबाईने बोटाने दाखवायचं, हिने कापायचं. मऊ पडलेली मुळं गेली, काळपट बूड गेलं. कडक राहिलेली थोडी पानं तेवढी निघाली. ती आडवी कापून, तुकडे सावलीत सुकत ठेवले. कापलेली कड कोरडी झाल्याशिवाय मातीत घालायचं नाही, हे भोंगाबाईने पाटीवर लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. मग कोरडी वाळू, खाली भोक असलेली कुंडी, आणि त्यात ते तुकडे उभे. टबाला भोक नव्हतं, तो सासऱ्यांना अंघोळीला देऊन टाकला.

"आता?" सुनेने विचारलं.

भोंगाबाईने लिहिलं, "आता काही नाही."

"काही नाही म्हणजे काय करायचं?"

"काहीच नाही."

सुनेचा चेहरा असा झाला, जणू तिला कुणी सांगितलं होतं की श्वास घ्यायचा नाही. दर दोन तासांनी ती कुंडीपाशी यायची, हात मागे बांधून उभी राहायची आणि निघून जायची. एकदा तिने एक तुकडा उपटून मूळ फुटलं का बघितलं. भोंगाबाईने नुसतं पाहिलं. ते पाहणं इतकं मोठ्याने होतं की सुनेने तुकडा परत लावून त्याची माफी मागितली. मग तीच म्हणाली, "आई, आपण ठरवूया. तुम्ही बोलायचं नाही, मी पाजायचं नाही. जी मोडेल ती हरली."

दोघींनी हातावर हात मारला. त्या दिवसापासून एकीचं तोंड दुसरीने सांभाळायचं आणि दुसरीचे हात पहिलीने. शेजारीण आली आणि भोंगाबाईच्या वर्मावर बोट ठेवणारं काही बोलली, की सून धावत येऊन सासूच्या तोंडात बिस्किट घालायची. सुनेचा हात नळाकडे गेला, की सासू तिच्या हातात विणायच्या सुया द्यायची. पाजायची हौस मात्र कुठेतरी निघायला हवी, ती सासऱ्यांवर निघाली. दर दोन तासांनी पेला. बिचारे दिवसभर हॉल आणि संडास यांच्यामधली वाहतूक सांभाळत होते.

दोन महिने सरले. डॉक्टरांनी घशात डोकावलं आणि म्हणाले, "छान. आता बोला. हळू, एकच शब्द."

खोलीत तिघंही कोंबलेले. सुनेने सासूचा हात धरलेला. भोंगाबाईने तोंड उघडलं. काही नाही. पुन्हा उघडलं. नुसती हवा. सासऱ्यांचा हात वर गेला, पण त्या हातालाच कळेना की थांबवायचं की सोडायचं. भोंगाबाईचा चेहरा उतरला. तिला खुर्ची दिसली, खुर्चीवर मशीन दिसलं. घसा लाकडासारखा सुकला.

आणि त्या सुकलेल्या घशातून, जमिनीखालून यावा तसा, एक जाडसर शब्द आला.

"पाणी."

सुनेने झटकन बाटली उचलली, झाकण उघडलं आणि हात तिथेच थबकला.

"कुणाला?"

भोंगाबाई हसली. सुरुवात नुसत्या घरघरीने झाली, मग ते हसणं असं भरलं की डॉक्टरांच्या टेबलावरच्या काचेच्या पट्ट्या वाजल्या. "हसू नका, हसू नका, ताण येतो!" डॉक्टर ओरडत राहिले, स्वतः हसत.

डेपोत मशीन आपलं गोड गळ्याने सांगत होतं, "फलाट चारवरची गाडी सुटत आहे." फलाट चारवरच्या गाडीला चाकं नव्हती आणि मेकॅनिक तिच्याखाली पाना धरून पडला होता. तो दर वेळी दचकून बाहेर यायचा. भोंगाबाई माइकपुढे बसली. पूर्वीची तुतारी गेली होती, आता आवाज भरलेल्या रांजणासारखा खोल होता. ती म्हणाली, "फलाट चारची गाडी कुठेही जात नाही. प्रवाशांनी पाचवर यावं. आणि गाडीखालचा तू, झोप निवांत." सगळा स्टँड एकदम पाचवर गेला, त्यात मॅनेजरही होता. तिथूनच ओरडला, "बाई, खुर्ची तुमची!"

थोरलीच्या तुकड्यांना पुढे पिल्लं फुटली. पानाच्या तुकड्यातून वाढवलं की पिवळा काठ येत नाही, नुसती हिरवीगार येतात, तशीच ती आली. पहिलं टोक वाळूतून वर आलेलं सुनेला दिसलं. तिने त्याला पाणी घातलं नाही. फक्त सगळ्यांना हाका मारल्या, आणि ती हाक, सांगते, भोंगाबाईच्या तोडीची होती.

झालं. आता एवढी शप्पथ घेतलीय आणि चहाचा कप पुढ्यात आहे, म्हणून एक सांगून टाकते. तो तिसरा जग भोंगाबाईने प्यायला नव्हता. पोटात जागाच उरली नव्हती. तो तिने नवऱ्याच्या डोक्यावर ओतला, शिटीसकट. पण ते गृहस्थ ही गोष्ट ऐकायला दर वेळी पुढेच येऊन बसतात, म्हणून तो जग मी तिच्या पोटात घातला. एवढं तुम्हीही पोटात घाला.